कोकोबोलोची एकतीस पेनं

लोस पोसितोस, ९ जानेवारी

नेना,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पत्र न उघडता फेकलंस तरी माझी तक्रार नाही. ऑगस्टात एरिबेर्तोला पुरलं त्या दिवशी मी तुला दारातून परत पाठवलं, सगळ्या गावादेखत. माझ्या नवऱ्याच्या मयतीला आलेली तू माझी सख्खी बहीण. तू सान्तियागोची बस धरलीस आणि गेलीस. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. आज एवढंच सांगायचंय की मी एरिबेर्तोची शेड उघडली.

शाळेचं काम तुला आठवत असेल. शाळेच्या अंगणातलं कोकोबोलोचं झाड वादळात पडलं, तेव्हा शंभरीच्या समारंभाला त्याच झाडाची पन्नास पेनं करून देईन, आजी-माजी शिक्षकांना एकेक, असा शब्द एरिबेर्तोने दिला होता. एकोणीस करून तो गेला. एकतीस राहिलीत. लाकूड कापून, सुकवून, त्याच्या हातचे नंबर घालून फळीवर रचलेलं आहे. मुख्याध्यापिका दोनदा येऊन गेली. मागितलं काही नाही, कॉफी पीत नुसती शेडकडे बघत बसली. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "एप्रिलपर्यंत देते."

"कोण करणार?"

"मी."

ती हसली नाही, मलाच हसू आलं. सत्तावन्न वर्षांची बाई, शिवणयंत्रापलीकडे कुठल्या यंत्राला कधी हात लावलेला नाही.

शिकवायला उल्पियानोकाका येतात. एरिबेर्तोलाही लेथवर त्यांनीच उभं केलं होतं. जन्मभर ढोलांची खोडं कातली त्यांनी. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, हात थरथरतो, जीभ नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला बटणाला हात लावू दिला नाही.

"केस बांध. बाह्या कोपराच्या वर घे. गळ्यातला क्रूस काढ."

"क्रूस कशाला?"

"फिरत्या लोखंडात अडकला तर मान घेऊन जाईल. देव दाराबाहेर थांबेल घटकाभर."

त्यांनी देवदाराचे तुकडे आणले होते, शिकायला. चौकोनी तुकडा दोन टोकांत आवळायचा, लेथ सुरू झाला की तो धुरासारखा दिसायला लागतो, मग गोल पटाशी पट्टीवर टेकवून हळूच त्याला भिडवायची. मी हळूच भिडवली नाही. पटाशीचं टोक रुतलं, धाडकन आवाज झाला आणि अर्धा तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळला.

"कान आहे ना जागेवर?" काका म्हणाले. "मग पहिला धडा झाला."

रात्री हात दुखतात, पण झोप लागते. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. एवढंच.

दामारिस


३१ जानेवारी

नेना,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं.

एक पेन झालं. तुला कसं झालं ते सांगते, कारण इथे सांगायला कोणी नाही आणि काका ऐकून घेत नाहीत. आधी चौकोनी कांडीला लांबीच्या मधोमध भोक पाडायचं. घाई केली की लाकूड तापतं आणि तडकतं. माझ्या दोन कांड्या अशाच गेल्या, तिसरीचं भोक तिरकं होऊन कुशीतून बाहेर आलं. (एरिबेर्तोने सात कांड्या जास्तीच्या कापून ठेवल्यात. माणूस स्वतःच्या चुकांसाठी सोय करून ठेवतो, ती माझ्या उपयोगी आली.) मग त्या भोकात पितळी नळी चिकटवायची. कोकोबोलो तेलकट असतं, आधी स्पिरिटने पुसलं नाही तर गोंद धरत नाही. वाळलं की कांडी पोलादी सळईवर चढवायची, दोन्ही अंगांना एकेक कडं, आणि त्या कड्यांच्या जाडीपर्यंत लाकूड कातत यायचं. केसभर जास्त घासलंस की पेनाच्या तोंडाशी धातूची धार बोटाला लागते. माझ्या पहिल्या पेनाला लागते. ते मी माझ्यासाठी ठेवलं, त्यानेच हे लिहिते आहे.

तुला वाटेल, हिने देवदारावरून थेट कोकोबोलोवर उडी मारली. काकांनी नको म्हटलं होतं.

"अजून महिनाभर देवदार कात. मग मी निस्पेरोचं लाकूड आणून देतो."

"शाळेला त्यांच्या झाडाची पेनं हवीत."

"शाळेला पेनं हवीत. झाड तुला हवंय." मग म्हणाले, "चाळीस वर्षांत मी या लाकडाला हात लावला नाही. ते सगळ्यांना चावत नाही पोरी. ज्याला चावतं त्याला मात्र सोडत नाही."

मी कांडी चढवली. वरचा थर सुटल्यावर आत जे निघालं ते बघायला तू हवी होतीस. पिकल्या आंब्यासारखं नारिंगी, त्यात काजळाच्या रेघा. हवा लागली की तासाभरात लालभडक होतं. वास गोड, दालचिनीसारखा, थोडा गुलाबासारखा. भुसा एवढा बारीक की उन्हाच्या तिरिपेत लाल धुकं तरंगतं. संध्याकाळी तोंड धुतलं तर पाणी नारिंगी. एरिबेर्तोची उशी अशीच नारिंगी व्हायची आणि मी त्याच्यावर ओरडायची.

मनगटांना जरा खाज आहे. यंदा डास फार झालेत.

दामारिस


२० फेब्रुवारी

नेना,

तुझं पार्सल मिळालं. बसवाल्याने हातात दिलं तेव्हा वरचं अक्षर बघूनच मी ओट्यावर बसले. आत तो रबरी मास्क, दोन्ही गालांना डब्या असलेला, आणि हातमोजे. चिठ्ठी नव्हती. मी खोक्याच्या घड्यासुद्धा उलगडून बघितल्या.

म्हणजे पत्रं वाचतेस.

मास्क खिळ्याला टांगलाय. वापरीन. सध्या वारा एवढा सुटलाय की शेड उघडी ठेवली की भुसा आपोआप बाहेर जातो.

कार्निव्हलला गेले नाही. शेजारची मिनेर्वा बोलवायला आली होती, आरडाओरडा करत: "चल की, वरच्या आळीची राणी यंदा मोराची पिसं लावून बसणारे, तिची फजिती बघायला तरी चल." मी दार अर्धंच उघडलं. ती म्हणाली, "अगं बाई, तोंडाला काय झालं?" मी म्हटलं, ऊन लागलं. ती गेल्यावर आरशात बघितलं. डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या, पापण्या ओहाल्द्रे तळताना फुगतात तशा. दोन दिवसांनी उतरलं. मी शेडमध्ये गेले नव्हते ते दोन दिवस, हे तू नर्स असल्यामुळे मला विचारशील, म्हणून आधीच सांगते. तिसऱ्या दिवशी गेले, संध्याकाळी पुन्हा चढलं.

काकांनी ओळखलं. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून उभी होते. त्यांनी विचारलंही नाही, सरळ माझी बाही वर सरकवली. कोपरापर्यंत फोड आलेले, काही फुटलेले. त्यांनी लेथ बंद केला.

"कधीपासून?"

"डास आहेत."

"एरिबेर्तोलाही पहिल्या वर्षी डासच चावले होते," ते म्हणाले. मग त्यांनी पाना घेतला, मोटर सैल केली, लेथचा पट्टा काढून मनगटाला गुंडाळला आणि निघून गेले. दारातून वळून एवढंच म्हणाले, "शाळेला मी सांगतो."

सोळा पेनं झालीत. पंधरा राहिलीत. सोळावं तर एवढं सुंदर झालंय की ते त्याच्या एकोणिसांत मिसळलं तर कुठलं त्याचं, कुठलं माझं, तुला सांगता येणार नाही.

दामारिस


८ मार्च

नेना,

मकराकासच्या दुकानात तसाच पट्टा मिळाला. दुकानदाराला वाटलं धुण्याच्या यंत्राला हवाय. काकांना माहीत नाही. ते सकाळी कोंबड्यांना दाणे घालतात त्या वेळात मी कातते, आणि दुपारी ते झोपतात तेव्हा.

आता खोटं लिहायचा कंटाळा आला आहे. डास नाहीत. ऊनही नाही. अंगभर पुरळ आहे, आणि गेल्या आठवड्यापासून छातीत शीळ वाजते. तीच शीळ. दोन वर्षं मी तिच्या शेजारी झोपले, मला ती ओळखू येते. पहाटे उठून बसावं लागतं, हात गुडघ्यांवर टेकून, तो बसायचा तशी.

मास्क खिळ्यालाच आहे. एकदाही लावला नाही.

का, ते सांगते. मी पेनं शाळेसाठी करायला बसले नव्हते. शब्द त्याने दिला होता हे खरं, पण शाळेला मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी मला मिठीच मारली असती. मला बघायचं होतं. तू म्हणायचीस की लाकूड त्याला मारेल. मी मनात धरलं, याच झाडाच्या एकतीस कांड्या मी तोंडावर काही न बांधता कातीन. मला काही झालं नाही तर लाकूड निर्दोष, आणि तू चुकलीस. मग एक तरी रात्र मी त्याच्याबद्दल विचार न करता झोपू शकेन. पहिले तीन आठवडे मला काहीच झालं नाही, नेना. माझे तेवढे तीन आठवडे सुखाचे गेले. मी गुणगुणत होते शेडमध्ये.

काका म्हणाले होतेच की ते सगळ्यांना चावत नाही. म्हणजे मला चावलं नसतं तरी काहीच सिद्ध झालं नसतं. हे मला आज कळतंय असं नाही.

सात राहिलीत. ती करून टाकते आणि थांबते.

दामारिस


२१ मार्च

नेना,

हे पत्र मी चार वेळा लिहून जाळलं. आता दम एवढाच उरलाय की पाचव्यांदा लिहिणं होणार नाही, म्हणून जसं येईल तसं लिहिते.

गेल्या जूनमध्ये तू एरिबेर्तोला तुझ्या हॉस्पिटलात नेऊन तपासण्या केल्यास. निकालाचं पाकीट तू बसवाल्याच्या हाती पाठवलंस, त्याच्या नावाचं. ते मी घेतलं. तो शेडमध्ये होता, लेथ चालू होता. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पाकीट फोडलं. डॉक्टरांनी साध्या भाषेत लिहिलं होतं: त्रास लाकडाच्या भुशाचा आहे, हे काम कायमचं बंद, पुढचा झटका जिवावर बेतू शकतो. खाली तू तुझ्या हाताने लिहिलं होतंस, "दाजी, कृपा करून ऐक."

मी ते चुलीत घातलं.

जेवताना त्याला सांगितलं, "निकाल आला. जुन्या सिगरेटींनी छाती कमजोर झालीय, बाकी काही नाही." तो म्हणाला, "बघ, तुझी बहीण एनेइदा उगाच घाबरवते." आणि दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

तू फोन केलास, "कागद दिलास त्याला?" मी म्हटलं, "दिला. वाचला. ऐकत नाही."

का केलं ते तुला माहीत असायला हवं, तुला नाही तर कोणाला. अकरा वर्षं तो सेको पीत होता. बंदरातली नोकरी त्यात गेली. दोनदा तू स्वतः त्याला ओढ्यातून उचलून आणलंस. मग काकांनी त्याला लेथसमोर उभं केलं आणि सहा वर्षं त्याने बाटलीला हात लावला नाही. सहा वर्षं माझ्या घरात संध्याकाळी दिवा लागला की एक माणूस यायचा, नारिंगी भुवयांचा, हसत. कागद हातात धरून मी एवढाच हिशोब मांडला की लेथ बंद तर बाटली सुरू. बाटलीने त्याला अर्धं मरताना मी बघितलं होतं. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. खोकला कमी भयानक वाटला.

मग जुलैच्या त्या रविवारी तू आलीस. तो सांकोचो खात होता, केसांत भुसा तसाच. तू दारात उभी राहून म्हणालीस, "मरायचंच असेल तर मर. पण माझ्या बहिणीला ते बघायला लावू नकोस." त्याने चमचा खाली ठेवला. तू पाणीही न पिता निघून गेलीस. तीन आठवड्यांनी तो शेडमध्ये पडला, आणि मयतीच्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर तेच वाक्य फेकून मारलं. "हिने त्याला मर म्हटलं होतं." गावाने तुझ्याकडे बघितलं. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

त्याला काही माहीत नव्हतं, नेना. तू ज्याच्यावर चिडलीस तो हट्टी माणूस मी बनवलेला होता. खरा एरिबेर्तो कधीच नाही म्हणाला नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

अजून चार कांड्या आहेत. आज दोन होतील.

दामारिस


२३ मार्च

एनेइदा,

मला लिहायची सवय नाही. चुका सांभाळून घे.

तुझ्या बहिणीचं पत्र काल मीच बसवर दिलं. देऊन परत येताना तिच्या शेडमधून लेथचा आवाज आला. माझ्याकडे पट्टा, तरी लेथ चालू. आवाज एकसारखा येत होता, लाकडाला पटाशी लागलेला नाही, नुसता रिकामा. मी कातारी आहे, मला फरक कळतो. धावता येत नाही आता, पण गेलो. ती खाली बसली होती भिंतीला टेकून. ओठ निळे. बोलता येत नव्हतं. मला बघून तिने हाताने आधी लेथ बंद करायची खूण केली.

मिनेर्वाच्या जावयाने गाडी काढली. लास ताब्लासच्या हॉस्पिटलात आहे. नळ्या लावल्यात. डॉक्टर म्हणाले अर्धा तास उशीर झाला असता तर मला पत्र लिहावं लागलं नसतं, तुला सरळ मयतीलाच बोलवावं लागलं असतं.

एरिबेर्तोला मी शिकवलं. हिलाही मीच शिकवलं. पट्टा काढून नेला तेव्हा वाटलं माझं काम झालं. दुकानात दुसरे पट्टे असतात हे मला सुचायला हवं होतं.

तू ये. तुमच्यात काय आहे ते मला विचारायचं नाही.

उल्पियानो


लास ताब्लास, २ एप्रिल

नेना,

काल तू आलीस. मी डोळे मिटून होते, झोपले नव्हते. तू पायाशी लटकवलेला कागद वाचलास, सलाईनचा वेग कमी केलास, उशी सरळ केलीस. मग खुर्ची ओढून बसलीस आणि तासभर बसून राहिलीस. मला तुझा श्वास ऐकू येत होता. तू बोलशील म्हणून मी डोळे उघडले नाहीत, आणि मी उघडीन म्हणून तू बोलली नाहीस. हे पत्र इथल्या नर्सजवळ देते, ती तुला देईल.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवून ठेवली होती. एवढं सगळं लिहिलं तरी ती लपवली. ती लिहिल्याशिवाय तू मला इथून नेलंस किंवा सोडून दिलंस तर दोन्ही फसवणूकच होईल.

त्या रविवारी तू गेल्यावर त्याने ताट बाजूला सारलं. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिला. मग मला म्हणाला, "एनेइदा माझ्यावर एवढी का चिडली गं? मी काय केलं?"

मी म्हटलं, "काही नाही. ड्युटीचं डोकं घेऊन येते ती."

तो म्हणाला, "नाही, काहीतरी केलं असणार मी. ती उगाच बोलत नाही. फोन करून विचारू का? चुकलं असेल तर माफी मागतो."

त्याच्या हातात फोन होता. तुझा नंबर काढलेला होता. त्याने फोन केला असता तर तू विचारलं असतंस, कागद वाचलास ना? आणि त्याने विचारलं असतं, कुठला कागद?

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "राहू दे. निवळेल आपोआप."

त्यानंतर तो तीन आठवडे जगला. रोज एकदा तरी विचारायचा, "आला का तिचा फोन?"

दामारिस


लास ताब्लास, ३ एप्रिल

दामारिस,

पत्र मिळालं. नर्सने दिलं तेव्हा मी खाली गेटपाशीच होते. गाडीत बसून वाचलं.

आधी कामाचं. डॉक्टरांशी बोलले. हे एकदा अंगात मुरलं की जात नाही. पुढच्या वेळी अर्धा तासही मिळणार नाही. मी काल आणि परवा तुझ्या घरी जाऊन आले. पडदे, गाद्या, कपाटातले त्याचे शर्ट, कौलांखालच्या वाशांपर्यंत तो लाल भुसा बसलाय. मी मास्क लावून गेले होते. त्या घरात तुला आता राहता येणार नाही. भेट द्यायलाही नाही. उल्पियानोकाकांनी शेडला कुलूप घातलं आणि किल्ली मला दिली. झालेली पेनं मी शाळेत पोचवली. मुख्याध्यापिकेने ती दोन्ही हातांनी घेतली आणि उरलेल्यांबद्दल काही विचारलं नाही.

गुरुवारी तुला सोडतील. मी अकराला येईन. सान्तियागोला माझ्या मागच्या खोलीत राहशील. त्याच्या कपड्यांतलं काही मागू नकोस, मी काही आणलेलं नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. करीन असं लिहून देत नाही. आठ महिने मी रोज झोपताना माझं ते वाक्य म्हणायची आणि मग त्याला म्हणायची, तू ऐकलं असतंस तर. आता कोणाला म्हणायचं ते मला कळत नाही.

आता पत्र लिहू नकोस. सान्तियागोपर्यंत गाडीने तीन तास लागतात. माझ्या शेजारी बस आणि त्या रविवारी फोन हातात धरून तो काय म्हणाला, ते मला तोंडाने सांग. तो जसं म्हणाला तसं, त्याच्याच शब्दांत, पहिल्यापासून.

एनेइदा